कौल लागला, गाणं राहिलं

किशोर की रफी?

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये पोह्यांच्या गाडीपाशी हा प्रश्न टाकून बघा. अर्धा तास वाद रंगेल. पंचम येईल, शम्मी येईल, राजेश खन्ना येईल. ज्या गाण्यावरून ठिणगी पडली, ते गाणं त्या अर्ध्या तासात एकही जण लावणार नाही.

गाण्याच्या बाबतीत माळवा-निमाडचं नशीब बघा. 1929च्या ऑगस्टमध्ये खंडव्याला किशोरकुमार जन्मला, सप्टेंबरात इंदूरला लता. 1948 मध्ये कुमार गंधर्व देवासला आले आणि देवासचेच झाले. उज्जैनहून देवास तासाभराच्या अंतरावर. एवढं दाराशी आहे आणि आपण काय करतो? मतं देतो.

शतकातलं सर्वोत्तम गाणं. सार्वकालिक शंभर. लता की आशा, बीटल्स की स्टोन्स, बाबूजी की हृदयनाथ. बोट टेकवा, मत द्या, निकाल पुढे पाठवा. दहा सेकंदांत काम झालं. गाणं साडेतीन मिनिटांचं असतं, तेवढा वेळ कोणाकडे आहे?

हे खूळ आपलं एकट्याचं नाही. रॉकवाल्यांचं तर ते फार जुनं. 'रोलिंग स्टोन' मासिकाने 2004 मध्ये पाचशे सर्वश्रेष्ठ गाण्यांची यादी केली. पहिलं आलं बॉब डिलनचं 1965 मधलं गाणं. 2021 मध्ये यादी नव्याने केली. आता पहिली आली अरीथा फ्रँकलिन, 1967च्या गाण्याने. डिलन चौथ्यावर. मधल्या सतरा वर्षांत दोन्ही गाण्यांतला एक सूर जागचा हलला नव्हता.

मग हललं काय? मत देणारी माणसं.

त्याच मासिकाने 2023च्या जानेवारीत दोनशे थोर गायकांची यादी काढली. त्यात लता मंगेशकर 84व्या. रफी नाहीत, किशोरकुमार नाहीत. सेलीन डिऑनही नाही, म्हणून तिचे चाहते न्यूयॉर्कमध्ये मासिकाच्या कचेरीसमोर फलक घेऊन उभे राहिले. आपल्याकडे 84चा आनंदही झाला आणि संतापही. 84 म्हणजे नेमकं काय, हे विचारलं कोणी? ठुमरी, अभंग, गझल, कोळीगीत गाणारा गळा आणि डेट्रॉइटच्या चर्चमध्ये तयार झालेला गळा एकाच फूटपट्टीने मोजणारा माणूस आधी भेटायला हवा. मग आकड्याचं बघू.

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने 2002 मध्ये जगाचा कौल घेतला. जगातलं सर्वांत आवडतं गाणं कोणतं? पहिलं आयर्लंडचं स्वातंत्र्यगीत, दुसरं 'वंदे मातरम्', तिसरं पाकिस्तानचं देशप्रेमाचं पॉपगीत. तिन्ही गाण्यांवर जीव ओवाळणारी माणसं आहेत, आणि ते योग्यच आहे. पण प्रश्न गाण्याचा होता. उत्तर झेंड्याचं आलं.

त्याच यादीत दहावं होतं क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. गायक फ्रेडी मर्क्युरी. म्हणजे फारूख बलसारा, जन्म झांझिबारचा, शाळा आपल्या पाचगणीची. सेंट पीटर्समध्ये असतानाच त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. रॉकच्या वादात तावातावाने उतरणाऱ्या किती मराठी चाहत्यांनी पाचगणीला जाऊन विचारलं, की हा मुलगा पियानो कोणाकडे शिकला? स्ट्रॉबेरी मात्र सगळ्यांनी आणली.

या गाण्याची गोष्ट इथेच पुरी करतो. 1975 मध्ये ते निघालं, तेव्हा रेडिओसाठी फार लांब आहे अशी तक्रार होती. लांबी सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. तरी ब्रिटनमध्ये नऊ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिलं. नोव्हेंबर 1991 मध्ये फ्रेडी गेला, गाणं पुन्हा बाजारात आलं आणि आणखी पाच आठवडे पहिलं राहिलं. गाणं तेच, गळा तोच. दुसऱ्या वेळी विकत घेणारे शोक करत होते.

शोक खराच असतो. पण शोकाला गुण देता येतात का?

आता आपल्या घरच्या क्रमवारीकडे येऊ. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटसंगीताला कात्री लावली. श्रोत्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला श्रोत्यांना दिलेलं काम आज ऐकून अंगावर शहारा येतो. सात गाणी वाजवायची, आणि श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमाने लावून पाठवायची. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं? पत्रांचा पाऊस पडला.

म्हणजे सामान्य श्रोत्याला इतिहास विचारला, तर तो इतिहास सांगायला बसतो. टपालाचा खर्च करून सांगतो.

पुढे त्याची क्रमवारी झाली. पायदान आली, सरताज गीत आलं. तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची मतं यांवर पायरी ठरू लागली. बुधवारची रात्र त्या आवाजाने भारली, यात वाद नाही. सायानींचं ऋण मोठंच आहे. पण निकाल तपासा.

1957. 'प्यासा'चं वर्ष, 'नया दौर'चं वर्ष, 'मदर इंडिया'चं वर्ष. वर्षअखेर पहिलं आलं 'जनम जनम के फेरे'मधलं लता-रफींचं द्वंद्वगीत. संगीत एस. एन. त्रिपाठींचं, आणि गाणं गोडच. पण आज गाणं आठवणाऱ्या दहांपैकी किती जण चित्रपटाचं नाव सांगतील?

1960. 'मुगल-ए-आझम'चं वर्ष. गीतमालेत पहिलं 'बरसात की रात'चं शीर्षकगीत. फिल्मफेअरचं संगीताचं पारितोषिक 'दिल अपना और प्रीत पराई'ला. नौशाद दोन्हीकडे मागे. साठ वर्षं उलटून गेली, शीशमहल उजळायचा थांबलेला नाही.

कौल चुकला म्हणायचं का? नाही. कौल त्या वर्षाचा होता. तो कायमचा धरून बसणारे आपण चुकलो.

आणखी एक गंमत, नाही, गंभीर गोष्ट सांगतो. 2006 मध्ये 'आउटलुक' साप्ताहिकाने संगीतातल्या जाणकारांना सर्वोत्तम हिंदी चित्रपटगीत विचारलं. पहिलं आलं 'चित्रलेखा'मधलं रफींचं गाणं, रोशनचं संगीत, साहिरचे शब्द. 2013 मध्ये हिंदी चित्रपटाच्या शंभरीनिमित्त बीबीसी एशियन नेटवर्कने श्रोत्यांना विचारलं. पहिलं आलं 'सूरज'मधलं रफींचंच दुसरं गाणं. ते 1966च्या गीतमालेतही पहिलंच होतं. सत्तेचाळीस वर्षांनी, ब्रिटनमध्ये बसून, श्रोत्यांनी जुनाच निकाल परत लावला.

बिनाका टूथपेस्टच्या कंपनीने एकदा जे कानात बसवलं, ते इतकं घट्ट बसतं.

स्पर्धा भरवणारा कधीच नुसता गाण्यासाठी भरवत नाही. हे उज्जैनने तरी विसरू नये. इथल्या कालिदासानेच ते नाटकात मांडून ठेवलं आहे.

'मालविकाग्निमित्र' काढा. राजा अग्निमित्राने मालविकेला चित्रात पाहिलं आहे, प्रत्यक्ष पाहायचं आहे. राणी धारिणी तिला समोर येऊ देत नाही. मग विदूषक गौतम काय करतो? दोन नाट्याचार्यांत भांडण लावून देतो. गणदास मोठा की हरदत्त मोठा? दोघे तणतणत राजापुढे येतात. पंच म्हणून परिव्राजिका कौशिकी बसते. ती म्हणते, नाट्य ही करून दाखवायची कला आहे, बोलून काय होणार? शिष्या आणा, प्रयोग करा. गणदासाची शिष्या कोण? मालविका.

राजाचं काम झालं.

पुढचं तर आणखी टोचणारं. मालविका गाते, नाचते, सगळे भारावतात. आता हरदत्ताची पाळी. तेवढ्यात वैतालिक मध्यान्ह झाल्याचं सांगतो, विदूषकाला जेवण आठवतं, राजा म्हणतो, तुमचा प्रयोग उद्या पाहू. तिसरा अंक उघडतो तो दोन दासींच्या बोलण्याने, आणि कळतं की शिष्येच्या गुणामुळे गणदासाला वरचढ ठरवलं गेलं. हरदत्ताच्या शिष्येचा प्रयोग प्रेक्षकांना शेवटपर्यंत दिसत नाही.

एकालाच दाखवून निकाल. आजच्या कुठल्या कौलात दुसरं काही होतं?

याच नाटकाच्या प्रस्तावनेत दुसराही वाद आहे. भास, सौमिल्ल, कविपुत्र असे नामवंत असताना या आजकालच्या कालिदासाचं नाटक कशाला? कालिदासाने सूत्रधाराकडून खडसावून घेतलं आहे, की वयावरून काव्य पारखू नका, आणि दुसऱ्याच्या मतावर चालणं हे अडाण्याचं लक्षण. 'हल्लीच्या गाण्यात काही राहिलं नाही' हे वाक्य त्याच्याही काळात होतं. तेव्हा तो स्वतःच 'हल्लीचा' होता.

दर कार्तिकात इथे कालिदास समारोह भरतो. ही प्रस्तावना तिथे वर्षाआड तरी मोठ्याने म्हणावी.

मराठी माणसाला दोन गायकांवरून भांडायला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. बालगंधर्व की केशवराव भोसले? गंधर्व नाटक मंडळी की ललितकलादर्श? या भांडणाचा शेवट काय झाला, तो आजच्या चाहत्यांनी ऐकावा. 8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन्ही तट एकाच छताखाली, तिकिटं काढून, समोर बसून. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

त्या रात्री जिंकलं कोण? शंभर वर्षं माणसं भांडली. पण त्यांतल्या पहिल्या पिढीने दोघांनाही ऐकलं होतं. भांडायचा हक्क असा मिळवावा लागतो.

आता आकडेबाजी. ही मला सर्वांत जास्त बोचते.

1974च्या गिनेस बुकाने छापलं, की सर्वाधिक ध्वनिमुद्रणं लता मंगेशकरांची. 1948 पासून 25 हजारांहून कमी नाहीत. रफीसाहेब दुखावले. 1977 मध्ये त्यांनी गिनेसला पत्र लिहिलं. दोन वर्षांनी उत्तर आलं, त्यात लताबाईंचंच नाव कायम. रफी 1980 मध्ये गेले. 1984च्या आवृत्तीत लताबाईंचा आकडा राहिला आणि शेजारी रफींचा 28 हजारांचा दावाही आला. 1991 मध्ये गिनेसने ती नोंदच काढून टाकली. 2011 मध्ये आशाबाईंच्या नावाने नवी आली, अकरा हजारांपर्यंतची.

इतकी वर्षं चाहत्यांनी हे आकडे ढालीसारखे वापरले. एकाने तरी भागाकार केला का?

25 हजार भागिले 26 वर्षं. वर्षाला साडेनऊशेहून जास्त. रविवार, दिवाळी, आजारपण, परदेश दौरा धरून रोज अडीचच्या वर. त्या काळात वर्षाला शंभर-सव्वाशे हिंदी चित्रपट निघायचे आणि एकेकात सात-आठ गाणी. हिशेब घाला. प्रत्येक चित्रपटातलं प्रत्येक गाणं, नायकाचंसुद्धा, लताबाईंनी गायलं तरच जमतं. इतर भाषांतली गाणी मिळवली, तरी मेळ बसत नाही.

मग मोजलं कोणी? ज्यांना गाण्याची चाड होती त्यांनी. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश'ची दशकवार जाड बाडं सिद्ध केली. चित्रपट, गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, तबकडीचा क्रमांक. आपल्या विश्वास नेरुरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची केली, 'गंधार' नावाने. तबकड्या, पुस्तिका, श्रेयनामावल्या पाहून एकेक नोंद केली. लताबाईंच्या हिंदी चित्रपटगीतांचा हिशेब पाच हजारांच्या आसपास थांबतो.

पाच हजार. कमी वाटतात? रोज एक ऐकलं तर तेरा-चौदा वर्षं पुरतील.

ज्यांच्यावरून चाहते एकमेकांची उणीदुणी काढतात, ते स्वतः कसे वागले? 'रागिनी' (1958) बघा. पडद्यावर किशोरकुमार, आणि ओ. पी. नय्यरांनी शास्त्रीय अंगाचं गाणं गाऊन घेतलं रफींकडून. पुढच्या वर्षी 'शरारत'मध्येही किशोरला रफींचा आवाज. आणि ज्या 'आराधना'ने किशोरचं युग आणलं असं म्हणतात, त्यात रफींचीही दोन गाणी आहेत. माहीत असून किती जण सांगतात? सांगितलं तर वाद तिथेच संपतो ना!

रॉकवाल्यांचंही तेच. बीटल्सवरून रात्र जागवतील. जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला, आपल्याकडच्या वादकांना घेऊन त्याने 'द इनर लाइट'ची चाल मुद्रित केली, आणि त्या मार्चमध्ये ती बीटल्सच्या तबकडीच्या मागल्या बाजूला निघाली. बासरी हरिप्रसाद चौरसियांची, सरोद आशिष खाँचा. जॉन की पॉल, यावर साठ वर्षं घासाघीस चालली आहे. 'ही बासरी कोणाची?' हा प्रश्न त्यात कितीदा आला?

प्रत्येक यादीचा पाया एका गृहीतावर आहे. गाणं मुद्रित झालेलं असलं पाहिजे, आणि आज मिळालं पाहिजे. या दोन चाळण्यांतून जे पडलं, ते सार्वकालिक कसं?

देवासला कुमारजी क्षयाने अंथरुणाला खिळले होते. गाणं बंद. त्या काळात खिडकीबाहेरून माळवी बायकांची गाणी कानावर पडत राहिली. लग्नाची, पावसाची, जात्यावरची. त्यांनी ती जमवली, त्यांच्या मुळाशी रागाचं बीज आहे हे ओळखलं आणि त्या धुनांतून नवे राग घडवले. त्या बायकांची नावं कुठल्या मतपत्रिकेवर छापणार? गाणारीला स्वतःला गायिका म्हणवायचंच नव्हतं.

आणि मुद्रित गाण्यांचं तरी काय? 14 मार्च 1931, मुंबईचं मॅजेस्टिक, 'आलम आरा'. आपला पहिला बोलपट, सात गाणी. त्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत. चित्रपटाची प्रत आज कुठेही नाही. म्हणजे 'नव्वद वर्षांतलं सर्वोत्तम हिंदी चित्रपटगीत' असा कौल घेणाऱ्याने पहिल्याच बोलपटातलं एकही गाणं ऐकलेलं नाही. मत देणाऱ्यानेही नाही. निकाल मात्र छातीठोक.

गाणाऱ्याच्या नावावरून एकदा तरी श्रोत्यांनी योग्य हट्ट धरला होता, तो सांगायलाच हवा. 1949. 'महल'. खेमचंद प्रकाशांचं संगीत, नक्शब यांचे शब्द. तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. तेव्हाचा रिवाजच तो. गाणं आकाशवाणीवर वाजलं आणि पत्रांचा ढीग पडला. सगळ्या पत्रांत एकच विचारणा: गाते कोण? आकाशवाणीला एचएमव्हीकडे चौकशी करावी लागली आणि नाव जाहीर करावं लागलं.

लता मंगेशकर.

त्या श्रोत्यांनी तिला कितवा क्रमांक दिला असता? त्यांना तो सुचलाच नाही. त्यांना नाव हवं होतं. पार्श्वगायकाचं नाव तबकडीवर असणं आज आपण हक्काचं मानतो, त्यामागे असं टपालहशील खर्च झालं आहे.

आता आपल्या हातात अख्खं भांडार आहे. पडद्यावर चित्रपटाचं नाव येतं, गायकाचं येतं. गीतकार कधी येतो, कधी नाही. ते मेंडोलिन, तो अॅकॉर्डियन, ती सारंगी वाजवणारा कोण, याची ओळ बहुतेकदा कोरीच. आपण याबद्दल किती पत्रं लिहिली?

उज्जैनमध्ये 2028च्या सिंहस्थाच्या तयारीने रस्ते रुंद होत आहेत, जुनी घरं रिकामी होत आहेत. शिंदेशाहीपासून इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या माळ्यांवर 78 आरपीएमच्या तबकड्या निघतील. लाखेच्या, जड, कडा उडालेल्या. भंगारवाला किलोवर घेऊन जाईल. त्याला बोलावण्याआधी एक वही घ्या. लेबलवर कंपनी असेल, क्रमांक असेल, चित्रपट असेल, ते उतरवा. दोन्ही बाजू उतरवा. नावाच्या जागी गायकाऐवजी पात्राचं नाव दिसलं, तर तेही जसंच्या तसं लिहा आणि सूची करणाऱ्यांकडे पाठवा. किशोर की रफी, ते मग पोह्यांच्या गाडीपाशी बघू.